‘अंगात खेळ असला की माणूस वर येतोच’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. माझ्या लेखावर तुमचा आक्षेप असा, की जॅकी रॉबिन्सन हा कृष्णवर्णीय खेळाडू चांगला खेळत होता म्हणून १९४७ साली मेजर लीगमधली, म्हणजे अमेरिकन बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेतली, कृष्णवर्णीयांना बाहेर ठेवणारी भिंत पडली. मी मात्र खेळात उगाच राजकारण घुसडतोय.

मग राजकारणापासूनच सुरुवात करू. एप्रिल १९४५ मध्ये बोस्टन रेड सॉक्स या मेजर लीग संघाने रॉबिन्सन, सॅम जेथ्रो आणि मार्विन विल्यम्स या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंना आपल्या फेनवे पार्क मैदानावर खेळवून पाहिलं. आपणहून नव्हे हं! इझाडोर मचनिक या नगरसेवकाने रविवारच्या सामन्यांची परवानगी अडवायची धमकी दिली, तेव्हा कुठे. पुढे तिघांपैकी कुणालाही संघात घेतलं नाही. दोन वर्षांनी ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळत रॉबिन्सन सर्वोत्तम नवोदित ठरला. १९५० मध्ये त्याच बोस्टनच्या ब्रेव्ह्ज संघाकडून तोच किताब जेथ्रोने पटकावला, तोही तिशी उलटून गेल्यावर. आणि रेड सॉक्स? त्यांचा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, पम्प्सी ग्रीन, मैदानात उतरला १९५९ साली. तोवर रॉबिन्सन निवृत्तही झाला होता. खेळ तर १४ वर्षांपूर्वीच त्यांच्या डोळ्यांसमोर होता!

भिंत पडली म्हणता, तर जुलै १९४७ चं क्लीव्हलँड बघा. तिथल्या मेजर लीग संघात आलेल्या लॅरी डोबी या कृष्णवर्णीय खेळाडूची ओळख करून देताना काही सहकाऱ्यांनी हातसुद्धा पुढे केला नाही. रॉबिन्सनला येऊन तेव्हा जेमतेम तीन महिने झाले होते.

रॉबिन्सनला संघात घेणारे डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी व्यवहारी होते, हे तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के मान्य. इतके व्यवहारी, की रॉबिन्सन आधी ज्यांच्याकडून खेळत होता त्या कॅन्सस सिटी मोनार्क्स या कृष्णवर्णीयांच्या संघाला त्यांनी एक छदामही दिला नाही. डोबीच्या वेळी त्याच्या आधीच्या संघाच्या, न्यूअर्क ईगल्सच्या, मालकीण एफा मॅन्ली पैशांसाठी अडून बसल्या, म्हणून त्यांना काहीतरी मिळालं. खेळाडू उचलले, पण कृष्णवर्णीयांचे संघ आणि त्यांचे मालक बाहेरच राहिले. १९४८ च्या हंगामानंतर निग्रो नॅशनल लीग ही कृष्णवर्णीय संघांची स्पर्धा बंदच पडली. ही बाजू सहसा कुणी सांगत नाही. (मूळ लेखात मीही तिला दोनच ओळी दिल्या होत्या, जागेअभावी.)

ऑक्टोबर १९७२ मध्ये वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे मेजर लीगच्या अंतिम मालिकेच्या, मैदानावर सत्कार होत असताना जॅकी रॉबिन्सनने बोलून दाखवलं, की संघाचा मॅनेजर (म्हणजे सामन्यात संघ चालवणारा प्रशिक्षक) म्हणूनही एखादा कृष्णवर्णीय माणूस दिसायला हवा. नऊ दिवसांनी तो वारला. मेजर लीगला असा पहिला मॅनेजर मिळाला १९७५ मध्ये, फ्रँक रॉबिन्सन (आडनाव तेच, माणूस वेगळा). गुणवत्ता आपोआप वर येत असेल, तर १९४७ पासूनच्या या २८ वर्षांत संघ चालवायची अक्कल एकाही कृष्णवर्णीयाकडे नव्हती, असं समजायचं का?