आइसफील्ड्स पार्कवे चार तासांत संपवू नका

परवा ओळखीतल्या एकांचा फोन आला. "तुम्ही आरव्ही (आत राहायची सोय असलेली मोठी गाडी) घेऊन कॅनडातल्या रॉकीज पर्वतांत गेला होतात ना? आम्ही सात दिवसांत कॅलगरी, बॅन्फ, जॅस्पर, व्हँकुव्हर आणि परत कॅलगरी असं ठरवलंय. जमेल ना?" जमेल हो, न जमायला काय झालं? पण करू नका. व्हँकुव्हर सरळ काढून टाका, वाटलं तर बॅन्फचाही एक दिवस कमी करा, आणि ते सगळे दिवस लेक लुईस ते जॅस्पर या एका रस्त्याला द्या. दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी हेच विचारतं, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

हा रस्ता म्हणजे हायवे 93, आइसफील्ड्स पार्कवे. लांबी साधारण 230 किलोमीटर. ताशी 90 ची मर्यादा पाळूनही चार तासांत पार होतो, आणि तिथेच घात होतो. लोक सकाळी निघतात, बो लेकला दहा मिनिटं, पेटो लेकला फोटो, हिमनदी खिडकीतून, संध्याकाळी जॅस्परला जेवण. एवढंच करायचं तर साधी कार पुरते. अंथरूण, चूल आणि पाण्याची टाकी सोबत घेऊन फिरायचं ते कुठेतरी मुक्काम करता यावा म्हणूनच ना?

आम्हीही आधी हाच शहाणपणा करणार होतो. आम्ही चौघं, कॉलेजपासूनचे मित्र. एकेक ठिकाण, त्यापुढे वेळ, असा तक्ता करून निघालो होतो. सनवाप्टा खिंडीच्या (उंची 2,035 मीटर) जरा पुढे विल्कॉक्स कॅम्पग्राउंडवर एक रात्र काढायची आणि उजाडताच जॅस्पर गाठायचं, असं त्यात होतं. रात्री भांडी घासत असताना आतून एकजण ओरडला. सिंकमधलं पाणी बाथरूमच्या तळातून वर येत होतं. सांडपाण्याची टाकी भरली होती, आणि पॅनेलवरचा काटा मात्र पाव टाकी दाखवत होता. गाडी भाड्याने देणाऱ्यांनी ताबा देताना हे सांगायला हवं होतं. त्यांना तो काटा बिघडल्याचं ठाऊक होतं, हे परत करताना कळलं. मला त्याचा आजही राग आहे, कारण नवख्या माणसाचा सगळा भरवसा त्या पॅनेलवरच असतो. तेव्हा काट्यावर विसंबू नका. किती पाणी वापरलं याचा हिशोब स्वतः ठेवा.

सकाळ पुसापुशीत गेली. तक्ता बोंबलला, आणि आम्ही चालत हिमनदीकडे गेलो.

अथाबास्का हिमनदी. कोलंबिया हिमक्षेत्रातून खाली उतरणारी, लांबी सुमारे सहा किलोमीटर. हायवेच्या पलीकडे आज जिथे पर्यटकांचं केंद्र आणि गाड्यांचा तळ आहे, तिथवर 1844 च्या सुमारास बर्फ होता. तेव्हापासून ती दीड किलोमीटरहून जास्त मागे सरकली आहे. पायवाटेवर सालांच्या पाट्या आहेत, त्या त्या वर्षी बर्फ कुठवर होता ते सांगणाऱ्या. मी आकडे आधीच वाचले होते, पण वाचणं वेगळं आणि चालणं वेगळं. 1982 ची पाटी आली तेव्हा गप्पा चालू होत्या. 1992 च्या पाटीला पोहोचेपर्यंत त्या थांबल्या. पुढे नुसते दगडगोटे, राखाडी चिखल, आणि हिमनदीवरून खाली घसरत येणारा बोचरा वारा. बर्फ अजून लांबच. आमच्यातला सगळ्यात कमी बोलणारा मित्र एवढंच म्हणाला, "हे सगळं आपण शाळेत असल्यापासून गेलंय."

दोरी ओलांडून बर्फावर जाऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. वरून अखंड दिसणाऱ्या बर्फाखाली भेगा असतात आणि त्यांत पडून तिथे माणसं मेली आहेत. बर्फावर चालायचंच असेल तर वाटाड्याबरोबर जा.

परतताना मित्राने प्रवाहातलं पाणी काचेच्या पेल्यात घेतलं. पाणी कसलं, पातळ सिमेंटच ते. रात्रभर पेला आमच्या टेबलावर होता. सकाळी तळाशी राखाडी साका बसला होता आणि वरचं पाणी तरीही धुरकटच. बोटावर घेतला तर पिठासारखा मऊ, कण म्हणून लागत नव्हता. हिमनदी सरकताना खालचा खडक दळते, त्याचं हे पीठ. त्यातलं सगळ्यात बारीक पीठ तळ्यांत तरंगत राहतं आणि त्यावर ऊन पडलं की पेटो लेकचा तो निळा-हिरवा रंग दिसतो. फोटोत तो खोटा वाटतो. पेला बघितल्यावर मला तो पहिल्यांदा खरा वाटला.

आम्ही तिथे आणखी दोन रात्री राहिलो. तिथे विजेचं कनेक्शन नाही. जनरेटर ठरलेल्या वेळेतच लावता येतो, आणि माझं म्हणाल तर तेव्हाही लावू नका. अस्वलांमुळे खाण्याचं, भांड्यांचं काहीही बाहेर ठेवायचं नाही, चहाचा कपसुद्धा. आणि डिझेल-पेट्रोल लेक लुईसलाच भरून घ्या. मध्ये सस्कॅचेवान क्रॉसिंगला एकच पंप आहे आणि हिवाळ्यात तोही बंद. बहुतेक रस्त्यावर फोनला रेंज नसते, नकाशे आधीच उतरवून ठेवा.

"एवढ्या मोठ्या गाडीत तेल जाळून वितळणारा बर्फ बघायला जायचं, हे बरोबर आहे का?" असं मला एका मैत्रिणीने विचारलं. प्रश्न योग्य आहे आणि मी तो टाळणार नाही. आमच्या गाडीने भरपूर तेल प्यायलं. म्हणूनच सांगतो, कमी किलोमीटर करा, चौघं मिळून एकाच गाडीत जा आणि एका जागी जास्त थांबा.

चौथ्या दिवशी जॅस्परकडे उतरलो. उतारावर गिअर खालचा ठेवा, नुसत्या ब्रेकवर एवढं वजन सोपवू नका. शेवटच्या टप्प्यात दोन्ही बाजूंना काळे उभे बुंधे लागले. जुलै 2024 च्या वणव्यात जॅस्पर गावातल्या जवळजवळ एक तृतीयांश इमारती गेल्या. अशा वणव्यांची काजळी हिमनदीच्या बर्फावर बसली की तो ऊन जास्त शोषतो आणि लवकर वितळतो. त्या बुंध्यांखाली फायरवीडची, म्हणजे जळालेल्या जमिनीवर उगवणाऱ्या रानरोपाची, जांभळट गुलाबी फुलं आली होती. गाडी कडेला घेतली आणि बराच वेळ चौघंही खाली उतरून उभे राहिलो.