चारातले एक फूल
गेल्या शनिवारी आमच्या केंब्रिजशायरमधल्या गावाच्या पुष्पप्रदर्शनात माझ्या कुंडीतल्या चार फुलांपैकी एक फूल एका सद्गृहस्थांनी माझ्या डोळ्यांदेखत खुडले, आणि वर मलाच धीर दिला की, झाड ओळखण्यात तुमची काही चूक झालेली नाही.

झाडाचे नाव सापोनारिया पुमिला. पूर्व आल्प्समध्ये, विशेषतः ऑस्ट्रियात, सुमारे २,००० मीटर उंचीवरच्या आम्लधर्मी मातीत ते बोटभरही उंच न होता हिरव्या उशीसारखे पसरते. त्याला चुना सोसत नाही आणि आमच्या नळाचे पाणी असे की, किटलीच्या बुडाशी आठवडाभरात पांढरी खपली धरते. म्हणून त्याला पावसाचे पाणी घालायचे. पण इंग्लंडात सर्वांत कमी पाऊस पडणाऱ्या भागांपैकी आमचा एक. इंग्लंडात राहून माणदेशातल्या शेतकऱ्यासारखा आभाळाकडे डोळे लावून बसणारा मी बहुधा एकटाच असेन. अशी तीन वर्षे गेली, तेव्हा कुठे ही चार फुले आली.

आईला हे सगळे फोनवर सांगितले, तर ती म्हणाली, "साबणाचं झाड ना? मग रिठाच लावायचास, निदान शालू तरी धुऊन निघाले असते." तिचे अगदीच चुकले नव्हते. रिठ्याला फेस येतो तो सॅपोनिनमुळे, तेच सॅपोनिन या कुळातही असते, आणि याच्या उंच भावंडाची मुळे उकळून युरोपात कपडे धूत असत. "मग फेस काढून दाखव," असे तिने फर्मावले. एवढ्याशा उशीतून फेस काढायचा म्हणजे तीन वर्षांचा संसार मुळासकट पातेल्यात घालायचा!

तर ते सद्गृहस्थ. गळ्यात दोरीला बांधलेले भिंग, आणि झाडावर ओणवे होण्याची पद्धत अशी की, रुग्णाच्या नातेवाइकांनी घाबरूनच जावे. "हे सिलीनी अकॉलिस आहे," त्यांनी निकाल दिला. तेही असेच उशीसारखे पसरणारे डोंगरी झाड. मी अदबीने म्हणालो की, त्याचे फूल जेमतेम एक सेंटिमीटरचे असते, हे तर आठ आण्यांच्या नाण्याएवढे आहे. शिवाय फुलाखालचा हा फुगीर, लालसर, केसाळ निदलपुंज पाहावा. "आकारावर कोण जातो?" ते म्हणाले. "कुक्षिवृंत मोजले पाहिजेत. सिलीनीला तीन, सापोनारियाला दोन." हे मला ठाऊक होते. मला हेही ठाऊक होते की, कुक्षिवृंत म्हणजे ते दोन पांढुरके धागे, आणि ते फुलाच्या तोंडातून बाहेर डोकावतात आणि नुसते वाकले तरी दिसतात. पण एवढे सांगून होईपर्यंत कट् असा बारीकसा आवाज झाला होता.

भिंगाखाली त्यांनी ते दोनदा मोजले. दोन धाग्यांची दोनदा मोजणी! "दोन," ते समाधानाने म्हणाले, आणि पुराव्याचे फूल कोटाच्या काजात खोचून चहाच्या तंबूकडे निघून गेले.

परीक्षकांनी माझ्या कार्डावर लिहिले: "झाड सुदृढ, फुले थोडी विरळ." पहिले बक्षीस एका सेम्परव्हायव्हमला गेले, ज्याला फूल नव्हतेच आणि ज्याची जोपासना म्हणजे त्याच्याकडे दुर्लक्ष करणे. तीन वर्षे बादल्या उचलणाऱ्या माणसाने हे खिलाडूपणाने घ्यावे, अशी अपेक्षा असते. मी टाळ्या वाजवल्या, पण फार जोरात नव्हेत.

निघताना ते पुन्हा भेटले. काजातले फूल एव्हाना मलूल झाले होते. "एक शंका उरतेच," ते म्हणाले, "हा सापोनारियाचाच ऑलिव्हाना नावाचा संकर तर नसेल ना? आणि बोंडे पिकली की त्यांचे दातही मोजू. सापोनारियाला चार, सिलीनीला सहा. तुम्ही राहता कुठे?"

मी घराचा क्रमांक चुकीचा सांगितला. पण गाव लहान आहे.