रक्त दिसत नाही म्हणून युद्ध खोटं?

दुसऱ्या महायुद्धावरच्या जुन्या चित्रपटांबद्दलचा एक मजकूर सध्या जिकडेतिकडे फिरतोय. मलाच तो तीन ग्रुपवर आला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: हे चित्रपट म्हणजे जिंकलेल्यांचा प्रचार, आपला तो शूर आणि शत्रू तो राक्षस. गोळी लागली की माणूस छातीवर हात ठेवून शांतपणे पडतो, रक्ताचा थेंब नाही. युद्ध खरं कसं असतं ते १९९८ साली 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' आला तेव्हा जगाला पहिल्यांदा कळलं. आपल्या लोकांचा त्या युद्धाशी काही संबंध नव्हता. आणि असले संथ, कृष्णधवल चित्रपट आजची मुलं बघूच शकत नाहीत.

यातले बरेचसे चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहिले आहेत, त्यामुळे हे वाचून गप्प बसवेना.

आधी रक्ताचं बोलू. १९९८च्या त्या चित्रपटातला फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर अमेरिकन सैनिक उतरतात तो प्रसंग थरकाप उडवतो, त्याबद्दल वादच नाही. तो दिवस होता ६ जून १९४४. नेमक्या त्याच दिवशी अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या एका लष्करी तळावर हॅरॉल्ड रसेल नावाच्या प्रशिक्षकाच्या हातात स्फोटकं फुटली आणि त्याचे दोन्ही हात गेले. दिग्दर्शक विल्यम वायलरने 'द बेस्ट इयर्स ऑफ अवर लाइव्ह्ज' करायला घेतला तेव्हा हात गमावलेल्या खलाशाच्या, होमरच्या भूमिकेसाठी त्याने या रसेललाच उभं केलं. रसेल नट नव्हता. चित्रपट आला १९४६ साली, म्हणजे युद्ध संपून जेमतेम वर्ष झालं होतं.

त्यातला एकच प्रसंग सांगतो. होमर युद्धाआधीच्या आपल्या मैत्रिणीला, विल्माला, रात्री खोलीत बोलावतो. कशाशी लग्न करायचं ठरवते आहेस ते एकदा बघून घे, म्हणतो. खांद्यावरचे पट्टे तो अंग हलवून सोडवतो आणि हातांच्या जागचे लोखंडी आकडे पलंगावर ठेवतो. मग पायजम्याचा सदरा कसाबसा अंगात चढवतो. बटणं मात्र लावता येत नाहीत. आता दार बंद झालं तर मला ते उघडता यायचं नाही, तान्ह्या मुलासारखी माझी गत आहे, असं तो अगदी साध्या आवाजात सांगतो. विल्मा पुढे होते आणि एकेक बटण लावते. रक्त नाही, बंदूक नाही. तरी युद्ध माणसाचं काय करून ठेवतं हे मला त्या बटणांइतकं कशानेच कळलेलं नाही. रसेलला या एका भूमिकेसाठी दोन ऑस्कर मिळाले.

आणि 'शांतपणे पडतो' हेही खरं नाही. १९५९चा जर्मन 'डी ब्रुके' बघा. युद्धाच्या शेवटच्या दिवसांत सोळा-सोळा वर्षांची शाळकरी मुलं गावातला एक पूल राखायला ठेवली जातात. तो पूल तसाही उडवायचाच असतो. तुम्ही लहान मुलं आहात, गोळ्या थांबवा, असं एक अमेरिकन सैनिक त्यांना ओरडून सांगतो. त्यातल्या एका पोराला तो अपमान वाटतो आणि तो त्याच्या पोटात गोळी घालतो. तो सैनिक किंचाळत किंचाळत मरतो.

प्रचाराचं म्हणणं अर्धं मान्य. युद्ध चालू असताना निघालेले कित्येक चित्रपट प्रचाराचेच होते, सरकारं ते करवून घेत होती. पण ते अख्ख्या काळाला कसं लावता येईल? १९५७चा रशियन 'द क्रेन्स आर फ्लाइंग' घ्या. सोव्हिएत राजवटीतला चित्रपट, पण त्यातला बोरिस काही मोठा पराक्रम गाजवून मरत नाही. जखमी सोबत्याला खांद्यावर घेऊन तो दलदलीतून चाललेला असतो, एक गोळी येते आणि डोक्यावरची बर्चची झाडं गरगर फिरू लागतात. इकडे त्याची वेरोनिका त्याच्याच चुलतभावाशी लग्न करून बसलेली. दिग्दर्शक कालातोझोव्ह तिला दोष देत नाही. १९५८ साली फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक या चित्रपटाला मिळालं.

जिंकलेल्यांचाच आवाज, हे तर साफ चूक. हरलेल्या जपानमध्ये मासाकी कोबायाशीने १९५९ ते १९६१ या काळात 'द ह्यूमन कंडिशन' तीन भागांत केला. लांबी साडेनऊ तासांच्या वर. कोबायाशी स्वतः सक्तीने सैन्यात भरती होऊन ईशान्य चीनमधल्या मांचुरियात गेला होता आणि बढती नाकारून साधा शिपाईच राहिला होता. त्याचा नायक काजी मांचुरियातल्या खाणीवर चिनी मजुरांशी माणसासारखं वागू पाहतो आणि त्यापायी आपल्याच लष्कराचा मार खातो. शत्रूला राक्षस ठरवणं राहिलं दूर, या माणसाने आपल्याच लष्कराची लाज चव्हाट्यावर मांडली, तीही युद्ध पाहिलेल्या पिढीच्या तोंडावर.

एका चित्रपटाबाबत मात्र तक्रार रास्त आहे, आणि तो माझा लाडका असूनही सांगतो. 'द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय' (१९५७) ज्या सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर बेतलाय, ती जपान्यांनी कैद्यांकडून आणि मजुरांकडून बांधून घेतली. तिथे दोस्त राष्ट्रांचे १२ हजारांहून अधिक युद्धकैदी मेले, पण त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर मेले. मलायातल्या मळ्यांवरचे तमिळ मजूर त्यात मोठ्या संख्येने होते. चित्रपटाला त्यांचं सोयरसुतक नाही.

पण हा दोष जुनेपणाचा आहे का? १९४० साली फ्रान्समधल्या डंकर्कहून ब्रिटिश फौजेने माघार घेतली, तेव्हा तिच्याबरोबर भारतीय खेचर-पथकं होती. २०१७चा 'डंकर्क' रंगीत, भव्य, आजच्या तंत्राचा. त्यात ती कुठे आहेत?

यावरूनच पुढचा मुद्दा, 'आपल्या लोकांचा संबंध नव्हता'. हे वाचून खरंच राग आला. या युद्धात सुमारे २५ लाख भारतीय सैनिक होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या यशवंत घाडगे यांना इटलीतल्या जुलै १९४४च्या लढाईसाठी व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मरणोत्तर मिळालं. माणगावला त्यांचं स्मारक आहे, गोवा महामार्गाने जाताना थांबून बघा. ९ एप्रिल १९४५ला नामदेव जाधवांनी इटलीतच सेनिओ नदीतून दोन जखमी सोबत्यांना गोळीबारात पलीकडे पोचवलं, मग शत्रूची मशिनगन ठाणी मोडली आणि बांधावर चढून मराठ्यांची रणगर्जना केली. आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली जपानी आक्रमणाशी लढणाऱ्या चीनमध्ये गेले, तिथेच १९४२ साली वारले. व्ही. शांतारामांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' १९४६ सालीच पडद्यावर आणला, कोटणिसांची भूमिकाही स्वतःच केली. आपला या युद्धावरचा चित्रपट इतका जुना आहे!

राहिलं संथपणाचं. मागच्या रविवारी माझ्या भाच्याला 'बेस्ट इयर्स' लावून दिला. पावणेतीन तासांचा आहे. मधे दोनदा उठला, खोटं कशाला सांगू. पण बटणांच्या प्रसंगानंतर त्याने विचारलं, "मामा, त्याला खरंच हात नव्हते?" हो म्हटल्यावर त्याने तो प्रसंग मागे नेऊन पुन्हा लावला. पुढच्या रविवारी त्याला 'डी ब्रुके' दाखवणार आहे. तोही सोळाचाच आहे.