सौम्य घोरणाऱ्याची फरफट

माझ्या घोरण्याबद्दल घरात कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती घोरणं मधेच बंद पडण्याबद्दल. "अहो, घोरता तोवर ठीक असतं, थांबलात की मीच दचकून उठते," असं म्हणत बायकोने मला डॉक्टरांपुढे उभं केलं.

झोपेची तपासणी झाली. बोटाला चिमटा, नाकात नळी, छातीला पट्टा. एवढं सगळं बांधून 'नेहमीसारखे झोपा' म्हणणाऱ्याला दंडवत! आकडा आला ११. म्हणजे तासाला ११ वेळा श्वास अडतो किंवा आखडतो, तोही दर खेपेला निदान १० सेकंद. ५ ते १५ च्या आत असलं की स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास अडण्याचा हा आजार, सौम्य. हे ऐकून बायको डॉक्टरांकडे अशी बघत राहिली, की आता त्यांना एक रात्र आमच्याकडे मुक्कामाला बोलावते की काय!

झोपण्याआधीची दारू बंद करा, डॉक्टर म्हणाले. मी घेतच नाही, त्यामुळे एक सोपा उपाय हातचा गेला. मग वजन. तिथे डॉक्टर काही बोलले नाहीत, नुसते पोटाकडे बघत राहिले.

उताणं झोपलं की जीभ आणि घशाचे सैल पडलेले स्नायू मागे कलंडतात, वाट अरुंद होते. म्हणून कुशीवर झोपायचं, आणि उताणं होऊ नये म्हणून बनियनला पाठीवर टेनिसचा चेंडू शिवायचा. बायकोने हौसेने खिसा शिवला. मध्यरात्री टाका उसवला आणि चेंडू टप्पे घेत पलंगाखाली गेला. खालच्या मजल्यावरच्या काकांनी छताला काठीने प्रत्युत्तर दिलं.

मेव्हणा सीपॅपवाला. नाकावर मास्क लावून हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणारं हे यंत्र सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये जगापुढे आणलं. मेव्हणा त्याचं श्रेय जवळजवळ स्वतःकडेच घेतो. पण माझ्यापुढे डॉक्टरांनी आधी खालचा जबडा पुढे ओढून धरणारी दातांची पट्टी ठेवली. दंतवैद्य माप घेऊन बनवतात. किंमत ऐकून माझा जबडा पट्टीविनाच खाली आला.

तेवढ्यात वाचलं, की २००६ मध्ये स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी मध्यम त्रास असलेल्यांना डिजेरिडू हे ऑस्ट्रेलियातलं लांबलचक वाद्य चार महिने फुंकायला लावलं, आणि त्यांचा त्रास कमी झाला! या संशोधनाला पुढे इग्नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीदार पारितोषिकही मिळालं, शांततेचं. मी वाद्य मागवणार ही बातमी जिन्यावरून खाली पोहोचली. काकांनी संध्याकाळीच वर येऊन पट्टीचा निम्मा खर्च उचलायची तयारी दाखवली.