थाळी दंडाने लांब जात नाही

जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा जवळ आल्या की साताऱ्यातल्या पालकांच्या आणि क्रीडाशिक्षकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागतो. यंदा तो मला पाच जणांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: थाळीफेकीचं अंतर अडकलंय म्हणजे दंडात ताकद नाही, जड थाळी घ्या, रोज ५० फेकी पूर्ण जोराने करा, थाळी ४५ अंशांत सोडा आणि वारा पाठीवर घ्या. मी मुलींना थाळीफेक शिकवते. हा मेसेज प्रमाण मानून खांदे दुखवून घेतलेल्या मुली माझ्याकडे आल्या आहेत, म्हणून लिहिते.

आधी दंडाचं. गेल्या वर्षी कोरेगावकडची नववीतली एक मुलगी आली. एक किलोची थाळी, अंतर २८ मीटरच्या आसपास, सहा महिने तिथेच. वडिलांनी घरी डंबेल्स आणून दिले होते. मी तिला आधी न फिरता, जागेवरून फेकायला लावलं: २७.४०. मग पूर्ण फिरून: २८.६०. अडीच मीटरच्या वर्तुळात एवढं गरगर फिरून पदरात पडत होता जेमतेम सव्वा मीटर. दंड तर दोन्ही वेळेला तोच होता. गळती फिरण्यात होती.

मोबाइल मागे ठेवून स्लो मोशनमध्ये पाहिलं. उजवा पाय वर्तुळाच्या मध्यावर टाचेसकट सपाट पडत होता आणि तिथेच रुतून बसत होता. डावा पाय पुढच्या कडेला पोहोचेपर्यंत खांदा उघडून हात पुढे आलेला. शेतात गोफण फिरवलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही: हात पुढे, दगड मागे. थाळीचंही तसंच. आधी पाय वळतो, मग कंबर, मग छाती, आणि थाळी सगळ्यांच्या मागून येते. कंबर आणि खांदा यांच्यात पीळ पडतो, तो सुटताना वेग देतो. तिच्यात पीळ पडतच नव्हता. तीन आठवडे आम्ही थाळी फार कमी फेकली. हातात जुना टॉवेल, उजव्या पायाच्या चवड्यावर फिरणं, आणि डावा पाय खडूच्या खुणेवर लवकर टेकवणं, बस्स.

हवेचा परिणाम बाजूला ठेवला तर अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. सुटतानाचा वेग १० टक्के वाढला, तर अंतर सुमारे २१ टक्के वाढतं. म्हणून वेग कुठे सांडतोय ते आधी शोधायचं.

४५ अंश हे पुस्तकातलं गणित आहे, जमिनीवरून सुटलेल्या आणि हवा न लागणाऱ्या वस्तूचं. थाळी खांद्याच्या उंचीवरून सुटते, हवेवर तरंगते, आणि शरीराला तितक्या चढ्या कोनात तेवढा वेग देताही येत नाही. चांगले खेळाडू साधारण ३५ ते ४० अंशांत सोडतात. थाळीचं तोंड फार वर गेलं की ती हवेत अडते आणि पडते.

वाऱ्याबद्दलचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो, कारण तो ऐकायला अगदी पटतो. धावताना पाठीवरचा वारा मदत करतो, थाळीला मात्र समोरचा. विमानही वाऱ्याला तोंड देऊनच उडतं. उजव्या हाताने फेकणाऱ्याला उजवीकडून तिरका समोर येणारा वारा सर्वांत चांगला. लिथुआनियाच्या मायकोलास अलेक्नाने १४ एप्रिल २०२४ रोजी अमेरिकेत ओक्लाहोमातल्या रमोना इथे ७४.३५ मीटर फेकून युर्गन शुल्टचा १९८६चा ७४.०८ मीटरचा पुरुषांचा विश्वविक्रम मोडला, आणि २०२५मध्ये तिथेच ७५.५६ मीटरपर्यंत गेला. त्या मैदानाची ख्याती वाऱ्याचीच आहे. १०० मीटर धावण्याच्या विक्रमाला वाऱ्याची मर्यादा असते, फेकीला नसते. चाळकेवाडीच्या पवनचक्क्या ज्या वाऱ्यावर फिरतात तो आपल्या अंगणातला आहे. त्याच्याकडे पाठ कशाला करायची? मात्र वारा समोरून असेल तेव्हा थाळी आणखी थोडी खाली ठेवून सोडावी लागते, आणि ते सरावानेच हातात बसतं.

राहिल्या ५० फेकी आणि जड थाळी. पंचविसाव्या फेकीनंतर मुलीचे पाय दमतात, आणि पुढच्या सगळ्या फेकी ती हाताने ओढते. म्हणजे जी चूक काढायची तीच रोज पंचवीसदा पक्की होते. जड थाळी हंगामाबाहेर, थोडी आणि हलकीच्या जोडीने ठीक आहे. स्पर्धेच्या तोंडावर ती फिरण्याची लयच मोडते.

कोरेगावची मुलगी आता फिरून ३२.१० टाकते. जागेवरून अजून साडेसत्तावीसच.