म्हणे, अ‍ॅपलने सिस्टिम कुणाला दिलीच नाही!

‘जॉब्सच्या हट्टापायी मॅक महाग राहिला’ (जॉब्स म्हणजे अ‍ॅपलचा सहसंस्थापक, मॅक म्हणजे अ‍ॅपलचा कॉम्प्युटर, आणि हट्ट म्हणे त्याची सिस्टिम दुसऱ्या कंपन्यांना न देण्याचा) हा लांबलचक फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर तीनदा आला आणि तिन्ही वेळा मी गप्प बसलो. परवा भाचा लॅपटॉप घेऊन दारात उभा राहिला, तेव्हा डोकं फिरलं. फॉरवर्डच्या शेवटी सल्ला आहे: ‘कंपनी देत नसेल, तर साध्या लॅपटॉपवर मॅकची सिस्टिम टाकून घ्या, दोन-तीन हजारांत काम होतं.’ पठ्ठ्याने घेतलं टाकून. स्क्रीनखालची आयकॉनची पट्टी झकास दिसते. पण वायफाय लागत नाही, आवाज येत नाही, आणि झाकण मिटलं की बटण दाबून धरल्याशिवाय पुन्हा जाग येत नाही. सोमवारी सबमिशन. दुकानदार म्हणतो, ‘एवढं चालायचंच.’

तर आधी फॉरवर्डमधलं सगळ्यात अचाट वाक्य: ‘अ‍ॅपलने आपली ऑपरेटिंग सिस्टिम दुसऱ्या कंपनीला कधीच दिली नाही.’ अहो, दिली होती! १९९५ पासून पॉवर कॉम्प्युटिंग, रेडियस, मोटोरोला, युमॅक्स अशा कंपन्या रीतसर लायसन्स घेऊन मॅकचे क्लोन, म्हणजे मॅकचीच सिस्टिम चालवणारी आपली यंत्रं, विकत होत्या. विंडोज वापरणारी गिऱ्हाइकं त्यामुळे मॅककडे वळतील, असा हिशेब होता. वळली नाहीत, त्याच वर्षी विंडोज ९५ आलं होतं. क्लोन घेतले ते मुख्यतः आधीपासून मॅक वापरणाऱ्यांनी, म्हणजे अ‍ॅपलच्याच गिऱ्हाइकांनी. पॉवर कॉम्प्युटिंग तर कधीकधी अ‍ॅपलच्याही आधी नवा वेगवान प्रोसेसर घालून यंत्र घरपोच पाठवायची, तेही स्वस्तात. क्लोनमागे अ‍ॅपलला मिळणारी लायसन्सची फी शंभर डॉलरच्या आतली. स्वतःचं वरच्या किमतीचं यंत्र विकलं असतं तर नफा कितीतरी पट सुटला असता. दुकान आपलं, गल्ला दुसऱ्याचा. १९९७ च्या आर्थिक वर्षात अ‍ॅपलचा तोटा शंभर कोटी डॉलरच्या वर गेला. त्याला कारणं बरीच होती, पण क्लोनांनी तो कमी केला नाही हे नक्की.

मग कंपनीतून बाहेर पडलेला ‘हट्टी’ जॉब्स परतला. क्लोनवाल्यांची लायसन्सं सिस्टिम ७ पुरती होती. पुढची आवृत्ती जुलै १९९७ मध्ये ‘मॅक ओएस ८’ या नावाने आली आणि करार तिथेच लंगडे झाले. चाल चलाखीचीच होती, त्याला मी सज्जनपणा म्हणणार नाही. पण सप्टेंबरात पॉवर कॉम्प्युटिंगचा मॅकचा धंदा अ‍ॅपलने दहा कोटी डॉलरचे शेअर देऊन विकत घेतला. ज्या कंपनीची तिजोरी गळत होती तिने क्लोन थांबवायला एवढी किंमत मोजली, यातच काय ते आलं.

‘बिल गेट्सने सल्ला दिला होता.’ हे खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. जून १९८५ मध्ये गेट्सने अ‍ॅपलचे तेव्हाचे प्रमुख स्कली आणि तिथलेच अधिकारी गासे यांना लिहिलं होतं, मॅकचं लायसन्स इतरांना द्या म्हणून. तेव्हा कदाचित जमलंही असतं. पण मायक्रोसॉफ्ट तेव्हा मॅकसाठी सॉफ्टवेअर विकत होती. मॅक जितके जास्त, तितका तिचाच फायदा. दहा वर्षं उशिरा तोच सल्ला ऐकून काय झालं, ते वर सांगितलंच.

‘मायक्रोसॉफ्टने तेच करून पैसा केला.’ तेव्हा मायक्रोसॉफ्ट कॉम्प्युटर बनवत कुठे होती? स्वतःची यंत्रं विकून पोट भरणारी होती आयबीएम. तिच्या पीसीच्या नकला निघाल्या, सगळ्यांवर मायक्रोसॉफ्टचीच सिस्टिम चालली आणि २००५ मध्ये आयबीएमने तो धंदा लेनोव्होला विकून टाकला. हातात मावणारे छोटे कॉम्प्युटर बनवणाऱ्या पाम कंपनीनेही हॅंडस्प्रिंग, सोनी यांना आपली सिस्टिम दिली. २००६ मध्ये पामचाच एक ट्रिओ फोन विंडोजवर आला.

राहिला तो दोन-तीन हजारांचा सल्ला. अ‍ॅपलच्या लायसन्समध्ये स्पष्ट आहे की ही सिस्टिम फक्त अ‍ॅपलच्या यंत्रावर वापरायची. सायस्टार नावाची अमेरिकन कंपनी असेच कॉम्प्युटर विकत होती, ती २००९ मध्ये कोर्टात हरली. शिवाय २०२० पासून अ‍ॅपल आपल्या यंत्रांत स्वतःची चिप घालतंय. साध्या लॅपटॉपमध्ये असते तसल्या इंटेलच्या चिपवर चालणारी शेवटची आवृत्ती २०२५ ची. नाव काय, तर टाहो! तो फोडायची वेळ आता भाच्यावर आली आहे.

त्याच्या फायली मी पेनड्राइव्हवर काढून घेतल्यात, आज रात्री विंडोज परत टाकतो. दुकानात जाऊन पैसे परत कोण मागणार, ते त्याने आणि ताईने ठरवावं.