ट्यूनाचा डबा उगाच बदनाम

गेल्या काही महिन्यांत एकच मजकूर मला पाच-सहा जणांनी पाठवला. पाठवणारे भोळे नाहीत आणि लिहिणाराही अगदीच अडाणी नसावा, कारण त्यातल्या बऱ्याच ओळी अर्ध्या खऱ्या आहेत. सारांश असा: डब्यातला ट्यूना रसायनांत मुरवलेला असतो. त्यात पारा ठासून भरलेला असतो. दोनदा शिजवल्यामुळे सत्त्व म्हणून काही उरत नाही. कधीकधी काचाही निघतात. घ्यायचाच तर पाण्यातला घ्या, तेलातला म्हणजे विष. आणि शहाण्या माणसाने डब्याच्या वाटेला न जाता लालबुंद ताजा तुकडाच आणावा.

मी दोन्ही खातो. दोन्हींबद्दल माझ्या आवडीनिवडी आहेत, बऱ्याच हट्टी आहेत, त्या पुढे येतीलच. पण आवड वेगळी आणि धास्ती वेगळी. या मजकुराने आवडीच्या गोष्टीला धास्तीचे कपडे घातले आहेत.

आधी पाऱ्याचं बघू, कारण घाबरवण्याचा सगळा जोर तिथेच आहे. पारा कारखान्यात डब्यात शिरत नाही, तो समुद्रातच माशात शिरलेला असतो. सूक्ष्मजीव पाऱ्याचं मिथाइलमर्क्युरी करतात, ते बारीक जीवांतून छोट्या माशांत आणि छोट्यांतून मोठ्यांत चढत जातं. मासा जितका मोठा, जितकी जास्त वर्षं दुसऱ्यांना खाऊन जगलेला, तितका त्याच्या अंगात साठा जास्त. तेव्हा ‘डबा की ताजा’ हा प्रश्नच मुळात चुकीचा. विचारायचं ते हे, की कोणता ट्यूना?

कारण ट्यूना हे एका माशाचं नाव नाही, अख्ख्या घराण्याचं आहे. डब्यावर ‘लाइट’ लिहिलेलं असतं तेव्हा आत बहुतेक वेळा स्किपजॅक असतो, घराण्यातला धाकटा, काही किलोंचा, थोडीच वर्षं जगणारा. ‘व्हाइट’ म्हणजे अल्बाकोर. ताजे म्हणून मिळणारे जाडजूड लाल तुकडे बहुधा यलोफिनचे किंवा बिगआयचे, आणि बिगआय शंभर किलोंच्याही वर जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने माशांमधला पारा मोजून सरासऱ्या दिल्या आहेत. दर दहा लाख भागांत किती भाग पारा, या हिशेबाने डब्यातला लाइट ट्यूना सुमारे ०.१३, डब्यातला अल्बाकोर ०.३५, ताजा किंवा गोठवलेला यलोफिनही ०.३५ आणि बिगआय ०.६९. म्हणजे डब्याला भिऊन माणूस ज्या तुकड्याकडे पळतो, त्यात साध्या लाइट डब्याच्या अडीचपटीहून जास्त पारा असू शकतो, आणि बिगआय हाती लागला तर पाचपट!

गरोदर आणि स्तनपान करणाऱ्या स्त्रियांसाठी याच प्रशासनाचा सल्ला याच क्रमाने जातो: डब्यातला लाइट आठवड्यातून २ ते ३ वेळा चालेल, अल्बाकोर किंवा यलोफिन १ वेळा, बिगआय टाळा. एक वेळ म्हणजे साधारण ११३ ग्रॅम. अल्बाकोरचा डबा रोज फोडणाऱ्याला मीही हात आखडता घ्यायला सांगेन. पण ते माशाच्या जातीमुळे, पत्र्यामुळे नाही. आणि डब्यातलं पाणी निथळून टाकलं की पारा जातो, असंही कुणी कुणी सांगतं. जात नाही. तो मांसातल्या प्रथिनांना चिकटून बसलेला असतो. धुवा, पिळा, तळा, तो तिथेच.

रसायनांच्या मुद्द्यावर फार वेळ घालवण्यासारखं काही नाही. डबा टिकतो तो उष्णतेने. मासा भरून डबा हवाबंद करतात आणि मग दाबाखाली सुमारे ११५ ते १२१ अंश सेल्सिअसवर तापवतात. आतले जिवाणू मरतात, बाहेरचे शिरू शकत नाहीत, संपलं. टिकवण्यासाठी वेगळं काही घालायची गरजच पडत नाही. डबा हातात घेऊन घटक वाचा: मासा, पाणी किंवा तेल, मीठ. काहींत भाज्यांचा अर्क असतो, काहींत पायरोफॉस्फेट. आक्षेप घ्यायचाच तर मिठावर घ्या, ते खरोखर बघून घेण्यासारखं असतं.

त्या पायरोफॉस्फेटचं नातं काचांशी आहे. डब्यात काचेसारखे पारदर्शक, कडक खडे कधीकधी खरंच सापडतात. मला एकदा सापडला, तांदळाच्या कणीएवढा, दाताखाली कर्र वाजला तेव्हा पोटात गोळाच आला. पण तो बहुधा स्ट्रुव्हाइट असतो. माशात मुळातच असलेलं मॅग्नेशियम, फॉस्फेट आणि अमोनिया एकत्र येऊन डबा थंड होताना त्याचे स्फटिक बनतात. ते बनू नयेत म्हणून काही कारखानदार पायरोफॉस्फेट घालतात. पारख सोपी आहे. खडा वाटीत घ्या, वर थोडं व्हिनेगर ओता आणि काही मिनिटं हलकं गरम करा. स्ट्रुव्हाइट झिजतो, विरघळतो. माझा विरघळला. काच ढिम्म हलत नाही. तुमचा हलला नाही तर मात्र डबा जपून ठेवा आणि तक्रार करा.

सत्त्वाच्या मुद्द्यात तथ्य आहे, हे मान्य. बहुतेक कारखान्यांत मासा आधी वाफवतात, हाताने काटे, कातडी आणि काळपट मांस काढतात, मग डब्यात भरून पुन्हा शिजवतात. त्यात थोडी चरबी आणि काही जीवनसत्त्वं जातात. प्रथिनं मात्र कुठे जात नाहीत, सेलेनियमही राहतं. ‘काही उरत नाही’ हे म्हणणं म्हणजे भात शिजवला म्हणून त्यातला तांदूळ गेला म्हणण्यासारखं.

आता तेल आणि पाणी. निथळलेल्या १०० ग्रॅम लाइट ट्यूनाचे उष्मांक पाण्यातल्याचे साधारण १००, तेलातल्याचे २०० च्या आसपास. वजनावर डोळा असेल त्याने पाण्यातला घ्यावा, वाद नाही. ओमेगा-३ चरबीत विरघळतं, त्यामुळे तेल ओतून दिलं तर त्यातलं थोडं तेलाबरोबर मोरीत जातं, पाण्याबरोबर त्याहून कमी जातं. हाही मुद्दा पाण्याच्या बाजूने. पण यातून तेल विष कसं ठरतं? चांगल्या ऑलिव्ह तेलातला मासा असेल तर ते तेल टाकायचंच नाही, त्यातच लिंबू पिळून खायचं. आणि इथे माझा हट्ट येतो: पाण्यातला ट्यूना मला भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लागतो. तेलातला मऊ राहतो, काट्याने दाबला की पाकळ्या सुटतात. ही माझी जीभ झाली, आरोग्यशास्त्र नव्हे. तुम्हाला पुठ्ठा आवडत असेल तर जरूर खा.

राहिला लालबुंद ताजा तुकडा, आणि मजकुरातला खरा धोका इथेच लपलाय. ट्यूनाचं अंग आजूबाजूच्या पाण्यापेक्षा गरम असतं. पोहून पोहून स्नायूंत तयार झालेली ऊब तो रक्तवाहिन्यांच्या खास जाळीमुळे आतच राखतो. गळाला लागून धडपडला की आणखी तापतो. असा मासा लगेच बर्फात गेला नाही, तर त्याच्या मांसात भरपूर असलेल्या हिस्टिडीन या अमिनो आम्लापासून जिवाणू हिस्टामीन नावाचा त्रासदायक पदार्थ बनवायला लागतात. एकदा बनलं की शिजवून, गोठवून, तळून, कशानेच ते जात नाही. वासही दर वेळी येतो असं नाही. एका नावाजलेल्या ठिकाणी मी असा तुकडा खाल्लाय. जिभेवर मिरीसारखी चुणचुण झाली, मला वाटलं मसाला असेल. अर्ध्या तासात तोंड लाल, कान गरम, डोकं ठणकायला लागलं. ॲलर्जीसारखंच दिसतं ते, पण माशाची ॲलर्जी नसलेल्यालाही होतं. सहसा काही तासांत उतरतं, श्वास लागला तर थेट दवाखाना गाठायचा. डब्यातही हिस्टामीन असू शकतं, कच्चा माल खराब असेल तर, किंवा उघडलेला डबा बाहेर तसाच राहिला तर. म्हणून उरलेला मासा दुसऱ्या भांड्यात काढून फ्रीजमध्ये, आणि दोन-तीन दिवसांत फस्त.

आणि लाल रंगाचं काय सांगावं! ट्यूनाचा स्वाभाविक लाल रंग हवेत काही दिवसांत तपकिरीकडे झुकतो. कार्बन मोनॉक्साइड दिला की तो चेरीसारखा लाल होतो आणि मासा जुना झाला तरी तसाच राहतो. युरोपीय संघात आणि जपानमध्ये हे चालत नाही, अमेरिकेत चालतं. टरबुजाच्या फोडीसारखा एकसारखा, चमकदार गुलाबी-लाल तुकडा दिसला की मी हात मागे घेतो. थोडा गडद, कडेला किंचित मळकट तुकडा मला जास्त प्रामाणिक वाटतो. दाबून बघावा, वास घ्यावा, आणि आधी गोठवलेला होता का हे सरळ विचारावं. गोठवलेला असणं हा दोष नाही. कच्चा खायचा उत्तम ट्यूना कितीतरी वेळा बोटीवरच उणे ६० अंशांवर गोठवलेला असतो, आणि बर्फावर आठवडाभर पडलेल्या ‘ताज्या’पेक्षा तो बरा.

मजकूर पाठवणाऱ्यांपैकी एका मैत्रिणीला मी यातलं बरंचसं लिहून पाठवलं. तिचं उत्तर एका ओळीचं आलं: ‘मग घेऊ कोणता ते सांग ना.’ मी विचारलं, करणार काय आहेस? म्हणाली, सँडविच. मग लाइट घे, स्किपजॅक लिहिलेला, ‘चंक’, म्हणजे बारीक तुकड्यांचा, चालेल, कारण मेयोनीजमध्ये कालवल्यावर अखंड पाकळ्यांचे पैसे वाया. नुसता टोमॅटो-कांद्यावर ठेवायचा असेल तर ‘सॉलिड’, म्हणजे अखंड तुकड्यांचा, ऑलिव्ह तेलातला. आणि ताजा आणलासच, तर तवा धूर निघेपर्यंत तापव, दोन्ही बाजूंना मिनिट-मिनिट ठेव आणि उतरव. आतून राखाडी होईपर्यंत शिजवणार असशील, तर डबाच आण.